हिलाल नानांचा आराखडा

मयतीच्या घरी माणूस काय बोलतो? "कसं झालं?" म्हणतो, "परवाच तर भेटले होते" म्हणतो, पाणी पितो आणि उठतो. आमचे हिलाल नाना मात्र चप्पल दाराबाहेर काढून भिंतीला टेकून बसायचे, पाच मिनिटं मान खाली घालून गप्प राहायचे, आणि मग खिशातून वही काढून घरच्यांना विचारायचे, "यांच्या हाताखाली कोण शिकलं?"

कटिंगवाला भिकन गेला, त्याच्या घरी हेच. सोनगीरला त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे तांबट गेले, तिथेही हेच. खापरावर हातभर मांडे टाकणारी आमच्या गल्लीतली सुमन मावशी गेली तेव्हा तिच्या तीन सुना रडत होत्या. नानांनी तिघींना एकेक करून विचारलं, आणि तिघी जेव्हा "नाही येत" म्हणाल्या तेव्हा वहीत काहीतरी लिहून ते इतके खिन्न झाले की सुनांना वाटलं, सासूपेक्षा यांनाच दुःख जास्त. मोठी सून नंतर मला म्हणाली, "अक्का, या माणसाला आमच्या दाराशी पुन्हा आणू नका."

आता आणायला ते माझ्या कडेवर थोडेच होते! धुळ्याला देवपूरच्या कॉलनीत आमची घरं भिंतीला भिंत. नाना आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकवणारे निदेशक होते. काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि मधे टेस्टर. रिटायर झाल्यावर पेनाचं एक टोपण हरवलं, टेस्टर मात्र राहिला. घरात एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा रवींद्र सुरतेला. तो येत नसे, आणि नाना त्याच्याबद्दल बोलत नसत.

आमचे हे गेले तेव्हाही नानांनी विचारलंच. ह्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, शेतातल्या जळालेल्या मोटरी भरायचे. तिसऱ्या दिवशी नाना येऊन बसले, वही काढली. मला आतून असा संताप आला! म्हटलं, माझं कपाळ मोकळं झालं आणि हा माणूस हजेरी घेतोय. मी तोडूनच बोलले, "कोणी नाही शिकलं. मुलाला नोकरी लागली बँकेत. नात तेवढी जवळ बसून वायर धरायची."

नानांनी मान वर केली. "कोणती नात?"

"हर्षाली. आठवीत आहे."

"तार ताणून धरायची की ढिली?"

"नाना, आज तिसरा दिवस आहे."

"तसं नही अक्का. ताणून धरली तर तुटते, ढिली धरली तर वेटोळं बसत नाही. म्हणून विचारलं."

कोपऱ्यातून हर्षूच बोलली, "ताणून नाही. आजोबा म्हणायचे, पतंगाचा मांजा धरते तशी धर."

नानांनी वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मी तेव्हा विचारलं नाही.

रिटायर झालेला माणूस मंदिरात जातो, नाहीतर कट्ट्यावर. नाना कारखान्यांच्या गेटवर जायला लागले. त्यांचं म्हणणं असं, की पोरं जे शिकतात ते कुणाला नको असतं, आणि ज्याला जे पाहिजे ते पोरांना कुणी शिकवत नाही. मधे कुणीतरी जाऊन विचारायला पाहिजे. "अंदाज नको, अक्का. अंदाज नको. विचारून लिहायचं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की आमच्या घरात पोपट असता तर तोही बोलला असता.

आणि विचारायचं म्हणजे कुणालाही. लग्नात अक्षता पडत असताना बँडवाल्याच्या कानाशी, "मागणी काय शे? क्लॅरनेटवाले कमी पडतात का ढोलवाले?" डॉक्टर छातीला नळी लावून म्हणतोय, श्वास घ्या, हे म्हणतात, "कंपाउंडर मिळतो का हल्ली?" डॉक्टरने बिचाऱ्याने ब्लडप्रेशरची गोळी लिहून दिली आणि खाली लिहिलं, कंपाउंडर एक. नानांनी गोळी कधी घेतली नाही. कंपाउंडर वहीत घेतला.

दर मंगळवारी नरडाण्याला फेरी. शिरपूरच्या बसने फाट्यावर उतरायचं, तिथून उन्हात चालत एमआयडीसी. टिफिन माझ्याकडून जायचा. परत आले की डबा द्यायला येत आणि दारातच सांगत, "आज चार गेटं झाली." काय झालं त्या गेटांवर ते मला कुठून कळणार? मी ब्लाउज शिवणारी बाई. मला वाटे, साहेब लोक खुर्ची देत असतील, चहा पाजत असतील.

पुढे सरकारात जिल्ह्याचा आराखडा करायचा ठरला. कुठल्या कारखान्याला कसली माणसं लागतील, त्यांना कुठे काय शिकवायचं, याचा. नानांकडे वही तयारच होती. कमिटीवरच्या बाकीच्या लोकांकडे तीसुद्धा नव्हती, म्हणून त्यांनी नानांना बोलावलं आणि वही उतरवून घेतली. मोठ्या सभागृहात कार्यक्रम झाला. पडद्यावर रंगीत गोल दाखवले, गुलाबाचं फूल दिलं, समोसा दिला. आराखड्याच्या जाडजूड पुस्तकाच्या नानांना दोन प्रती मिळाल्या. एक त्यांची आणि एक शेजारच्या खुर्चीवरच्या सदस्याची, जो आलाच नव्हता.

"अक्का, पडद्यावर त्या गोलात पिवळा तुकडा होता ना, तो मना शे, माझ्या वहीतला," नाना मला म्हणाले. एवढा मोठा माणूस, डोळ्यांत पाणी.

त्या पिवळ्या तुकड्यात लिहिलं होतं: नरडाणा, महिला वायरमन, वीस.

ते पान उघडून नाना माझ्या मुलासमोर बसले. राजू बँकेतला. त्याला कागदावर छापलेलं खरं वाटतं. हर्षू बारावी झाली होती आणि जामनेरहून स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घरची कापसाची शेती. राजूचा विचार, उरकून टाकावं. हर्षूचा जीव वायरीत. घरातला मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांचे बोअरचे स्टार्टर, सगळं तीच खोलायची. तिला लग्न नको होतं असं नाही. तिला आधी कुठेतरी टूलबॉक्स घेऊन नोकरीला जायचं होतं, एवढंच.

"राजूभाऊ, हे सरकारी शे," नाना पानावर बोट ठेवून म्हणाले. "वीस जागा. शिकवायची बॅच मंजूर झाली. सहा महिने द्या."

राजूने हिशोबी तोंड केलं. "अक्षय्य तृतीयेपर्यंत. आखाजीपर्यंत नोकरी लागली तर जामनेरवाल्यांना थांबा म्हणेन. नाही लागली तर मग पोरीने आणि नानांनी, दोघांनीही तोंड उघडायचं नाही."

माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मी नानांवर विश्वास ठेवून मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला पुढे फार त्रास झाला.

बॅच सुरू झाली. वीस पोरी, एक बोर्ड. शिकवणारा सर आठवड्यातून दोनदा येई, त्यातल्या एका दिवशी फोटो काढायला. ते कळल्यावर नानांनी आपल्या ओट्यावर संध्याकाळचा वर्ग लावला. शिकवायला काय, तर त्यांच्या घरातला एक जुना टेबल फॅन. तो पंखा वीस पोरींनी खोलला आणि वीस पोरींनी जोडला. मग नाना डोळ्यांना टॉवेल बांधून बसत आणि म्हणत, "हाताला दिसलं पाहिजे." टॉवेल बांधून तो सगळा पंखा ते खोलून जोडत, आणि बटण दाबलं की वारा पोरींच्या तोंडावर. पोरी टाळ्या वाजवत. सगळ्यात आधी टॉवेल बांधून जमलं ते हर्षूला. त्या दिवशी नानांनी मला हाक मारून ओट्यावर बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "वायर धरणारी."

तेव्हा मला कळलं, तिसऱ्या दिवशी वहीत काय लिहिलं होतं ते.

सर्टिफिकेटं मिळाली. होळी झाली. नोकरीचं पत्र कुठून येईना. नाना म्हणायचे, "आराखड्यात शे, येईल." शेवटी आखाजी महिन्यावर आली तेव्हा मीच म्हटलं, चला, आपण जाऊ. मी, हर्षू आणि नाना, मंगळवारच्या बसने निघालो. हर्षूने इस्त्रीचा ड्रेस घातलेला, पिशवीत फाइल आणि आजोबांची पक्कड. नानांनी आराखडा रुमालात बांधून घेतला होता, पोथी बांधतात तसा.

गेटवर वॉचमनने नानांना पाहिलं आणि लगबगीने उठून स्टूल पुढे केलं. "या नाना, बठा. पानी लई येस." भिला त्याचं नाव, शिंदखेड्याकडचा. मला बरं वाटलं. म्हटलं, ओळख आहे.

नाना म्हणाले, "आज पाणी नको, साहेबाला बोलाव. पोर आणली शे."

भिलाचं तोंड पडलं ते मला दिसलं. पण मला वाटलं, उन्हामुळे असेल.

अर्ध्या तासाने एक तरुण साहेब आला, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. नानांनी रुमाल सोडला, पान काढलं. साहेबाने वाचलं, परत वाचलं आणि हसला. वाईट नव्हता हसला. खरंच हसू आलं त्याला.

"काका, आमचं इलेक्ट्रिकलचं काम ठेकेदाराकडे आहे. त्याची माणसं बाहेरून येतात. महिला वायरमन वीस? आमच्याकडे एकूण वायरमन सहा आहेत."

"आकडा तुमचाच शे," नाना म्हणाले.

"आम्ही नाही दिला."

"दिला. याच गेटवर दिला. मी अंदाज लिहीत नाही, साहेब. विचारून लिहितो."

"कुणाला विचारलं?"

नानांनी भिलाकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. भिला आपल्या बुटांकडे पाहत होता.

"साहेब, मी सांगेल शे," तो म्हणाला. "नाना आत जायला मागायचे. आत जायला पास लागतो, पास साहेब देतात, आणि साहेबाला भेटायचं तर आत जावं लागतं. मंगळवारमागून मंगळवार हे उन्हात उभे. 'मागणी काय शे, मागणी काय शे?' एवढा म्हातारा मानूस दारातून रिता कसा धाडू? पानी दिलं. मग आकडा बी दिला."

आता तुम्हीच सांगा, त्याला काय बोलणार? आपल्याकडे दारात आलेल्याला काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय पाठवत नाहीत. घरात असता तर त्याने गूळ दिला असता. गेटवर त्याच्याकडे दुसरं काय होतं?

नाना स्टुलावर बसले. मग विचारलं, "भिला, वीसच का सांगितलेस?"

"दहा सांगणार व्हतो, नाना. पण तुमचं तोंड एवढुसं झालं व्हतं."

"आणि बायका?"

"तुम्हीच म्हने ना, एक पोर शे, वायर चांगली धरस. मी म्हटलं, मग बायाच लिवा."

साहेबाला आता हसू येईना. तो हर्षूला म्हणाला, "पॅकिंगला कधीमधी मुली लागतात. नंबर देऊन जा."

हर्षूने विचारलं, "तिथे वायरचं काही काम असतं का?"

"नाही, तिथे फक्त खोकी."

ती म्हणाली, "मग राहू द्या." आणि पिशवी उचलली. पक्कड फाइलीवर आपटल्याचा आवाज झाला.

परतीच्या बसमध्ये हर्षू पुढे खिडकीशी, मी आणि नाना मागे. माझ्या मनात इतकं साचलं होतं की सोनगीरचा किल्ला दिसेपर्यंत मी दात आवळून बसले. मग म्हटलंच, "नाना, पोरीचं वर्ष खाल्लंत तुम्ही. वॉचमनला विचारून? सगळा जिल्हा वॉचमनला विचारून?"

किल्ला मागे गेला तेव्हा नाना म्हणाले, "रव्याला मी टीव्ही दुरुस्ती शिकवली. त्याला शेती पाहिजे होती. मी म्हटलं, घराघरात टीव्ही येईल, तुला मरेपर्यंत काम पुरेल. कुणाला विचारलं नाही. माझा अंदाज. टीव्ही आले घराघरात, पण बिघडला की लोक नवाच घेतात. रव्या सुरतेला साड्यांचे गठ्ठे उचलतो, अक्का. माझ्याशी बोलत नाही. म्हणून मी ठरवलं होतं..."

मला तेव्हा कीव यायला हवी होती. खोटं कशाला सांगू, नाही आली. मला पुढच्या सीटवर हर्षूची वेणी दिसत होती.

आखाजी आली. राजूने शब्द पाळला, आणि शब्द पाळणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. आखाजीच्या मुहूर्तावरच हर्षूचं लग्न लागलं. नाना मांडवात शेवटच्या रांगेत बसले. बँडवाला शेजारीच उभा होता. त्याला त्यांनी काही विचारलं नाही. त्यानंतर आमच्या गल्लीत दोन म्हातारी माणसं गेली, एक शिंपी, एक गवंडी. दोन्ही घरी नाना गेले, भिंतीला टेकून बसले, पाणी प्याले आणि उठले. सुमन मावशीची मोठी सून मला म्हणाली, "सुधारले हो तुमचे नाना." मला ते ऐकवलं नाही. मी काही त्यांच्याशी बोलत नव्हते. डबा पाठवायची, पण कामवालीच्या हाती.

हर्षूचं सासर वाईट नाही. जीव लावतात. नवरा मोटारसायकलवर सिनेमाला नेतो. फक्त तिने एकदा बोअरचा स्टार्टर खोलला तेव्हा सासऱ्यांनी समजुतीने सांगितलं, "सूनबाई, आपल्या घरात बाई विजेला हात लावत नाही." आता स्टार्टर बिघडला की जामनेरच्या बाजारातून माणूस येतो. त्याला अर्धा दिवस लागतो. हर्षू त्याला चहा करून देते आणि दारात उभी राहून पाहते, तो तार ताणून धरतो ते.

हे तिने मला या आखाजीला सांगितलं. माहेरवाशीण म्हणून आली होती, पहिलीच आखाजी. झोका बांधला, पोरींनी गाणी म्हटली, ही झोक्यावर बसलीच नाही. आणि असलं ऊन पडलं होतं की कावळेसुद्धा वळचणीला.

दुपारी तिला घेऊन ओट्यावर आले तर शेजारी नाना बसलेले. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. हातात तो जाडजूड आराखडा, आणि त्याने वारा घालून घेत होते. टेबल फॅन समोरच, मान टाकून बंद.

हर्षू म्हणाली, "नाना, पंखा का बंद?"

"बिघडला शे."

"कधीपासून?"

"होळीपासून."

मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "होळीपासून? या उन्हात? दुरुस्त नाही करता येत?"

नाना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वायरमन मिळत नाही, अक्का. सगळं धुळं विचारलं. मागणी एक शे, पण माणूस नही."

हर्षू त्यांच्याकडे पाहत राहिली. मग आत जाऊन माझ्या कपाटातून आजोबांची पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली, साडीचा पदर खोचला आणि फरशीवर मांडी घातली. नाना सरळ होऊन बसले. "अनुभव?" त्यांनी विचारलं.

"सहा महिने. याच पंख्यावर."

"चालेल."

तिने मागची जाळी काढली. मी वाकून पाहिलं. मला फार कळत नाही, पण चाळीस वर्षं मोटर भरणाऱ्याबरोबर संसार केलाय. एक तार नुसती स्क्रूमधून काढून बाजूला वाकवून ठेवली होती. नीट, कुणीतरी हलक्या हाताने ठेवावी तशी. तिलाही दिसलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

दोन मिनिटांचं काम. हर्षूने दोन तास लावले. पाती उतरवून धुतली, बुशाला तेल दिलं, जुनी टेप काढून नवी गुंडाळली. मधेच पदर डोळ्यांवर बांधला आणि तशीच जोडायला बसली. नाना कोरड्या ओठांनी बघत होते, घाम पुसायलासुद्धा हात हलवत नव्हते. बटण दाबलं. वारा आला. हर्षू मोठ्याने हसली. वर्षभरात ते हसू मी ऐकलं नव्हतं.

आठ दिवसांनी नवरा येऊन तिला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच डबा घेऊन नानांकडे गेले, कामवालीला न पाठवता. ते ओट्यावर बसलेले, आराखड्याने वारा घालत. पंखा बंद.

मी डबा खाली ठेवला. "पुन्हा बिघडला?"

"हो," नाना म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "दिवाळीला येते ना ती?"

दिवाळीला अजून सहा महिने होते आणि वैशाख अर्धाही सरला नव्हता. आतल्या फळीवर आराखड्याची दुसरी प्रत होती, न आलेल्या सदस्याची. ती घेऊन मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि मीही वारा घालायला लागले.